पिवळे कॅलिपर की लाल? ट्रॅकच्या गाडीला कार्बन सिरॅमिक घ्यावं का साधी डिस्क

शेंद्राकर | सोमवार, रात्री १०.४०

रामराम मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय इथं, लिहायची ही पहिलीच वेळ.

संभाजीनगरजवळ शेंद्रा एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे, वडिलांनी उभं केलेलं. तीन वर्षांपासून मी चेन्नईला इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातोय, आतापर्यंत साध्या हॅचबॅकवर. यंदा जुनी पोर्शे ७१८ केमन जीटी४ घ्यायची ठरवली आहे. घरी फक्त "जुनी गाडी घेतोय" एवढंच सांगितलंय, बाकी तपशील हळूहळू.

दोन गाड्या हाताशी आहेत. एक मुंबईची. लाल कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा), साध्या डिस्क, म्हणजे ज्यांना सगळे स्टील ब्रेक म्हणतात त्या, चारही चाकांना ३८० मिमी. दुसरी हैदराबादची. पिवळे कॅलिपर, कार्बन सिरॅमिक, पुढे ४१० आणि मागे ३९० मिमी. हैदराबादची कमी चाललेली आहे, एकाच मालकाची आहे, रंगही मनातला. पण मागतोय जास्त, आणि त्यातला बराचसा फरक "सिरॅमिक ब्रेक आहेत साहेब" या एका वाक्याचा आहे.

वापर म्हणाल तर वर्षाला चार-पाच ट्रॅक डे. तीन चेन्नईला, एखादा कोइम्बतूरला, जमलं तर एकदा बुद्ध सर्किट. बाकी रविवारी सकाळी दौलताबाद-वेरूळ आणि घरी. सिरॅमिकवर पैसे घालावेत का लाल कॅलिपरवाली घेऊन उरलेले टायरवर घालावेत? ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा. यूट्यूब बघून झालंय सगळं.

सातारा_परिसर | सोमवार, रात्री ११.१५

हैदराबादची घे, डोळे झाकून.

मी दुसऱ्या एका जर्मन गाडीवर चार वर्षं सिरॅमिक वापरतोय. चाकांवर काळी भुकटी नाही, गंज नाही, पावसाळ्यात आठ दिवस उभी राहिली तरी पहिल्या ब्रेकला खरखर नाही. आणि वजन! साध्या डिस्कच्या साधारण निम्मं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे, शिवाय फिरणारं आहे. खड्ड्यावरून चाक कसं बसतं, स्टिअरिंग कसं हलकं लागतं, ते एकदा अनुभवलं की परत जावंसं वाटत नाही. पोर्शेने २००१ च्या ९११ जीटी२ ला हे ब्रेक मुळातूनच दिले होते. वीस-पंचवीस वर्षांत तंत्र चांगलं मुरलंय. लोक उगाच घाबरवतात.

वाळूजचा_लेथ | मंगळवार, सकाळी ७.०५

सातारा परिसरवाले दादा, तुम्ही चार वर्षांत ट्रॅकवर किती वेळा गेलात तेही लिहा की.

शेंद्राकर, मी काय ट्रॅकवर पळवत नाही, पण पळवणाऱ्यांच्या डिस्क माझ्याकडं येतात. माझं मत एका ओळीत. ट्रॅकवर डिस्क म्हणजे पायातली वहाण, झिजायलाच असते. जी झिजली की हळहळ वाटते ती वहाण घालून नांगरायला जाऊ नये.

सळईवाला_जालना | मंगळवार, सकाळी ९.३०

स्टील ब्रेक म्हणजे स्टील जालन्याचंच घ्या. सळई पण देतो वरून 😀

बिडाचा_तवा | मंगळवार, दुपारी १.२०

सळईवाले, तुमचा धंदा इथं चालायचा नाही. "स्टील ब्रेक" हे नुसतं बोलायचं नाव आहे. कारच्या त्या डिस्क स्टीलच्या नसतात, बिडाच्या असतात. करडं बीड. आपल्या आजीचा भाकरीचा तवा असतो ना, त्याच घराण्यातलं. (गाव बीड, नोकरी कोल्हापूरला फाउंड्रीत, त्यामुळं या विषयावर बोलायचा माझा दुहेरी हक्क आहे.)

आता बीडच कामून? स्टील जास्त चिवट असताना? त्याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. करड्या बिडात कार्बन तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे दोन कामं करतात. घासल्या जागेवरची उष्णता पटकन आत ओढून घेतात आणि कंपनं गिळतात. बिडाचा तुकडा वाजवून बघा, ठप्प आवाज येतो. स्टील टणकन वाजतं. डिस्क टणकन वाजायला लागली तर प्रत्येक सिग्नलला गाडी किंचाळेल. वरून बीड ओतायला सोपं, मधल्या हवेच्या खिडक्या साच्यातच निघतात, लेथवर लोण्यासारखं कापलं जातं आणि स्वस्त.

म्हणजे बघा, कार्बन ब्रेक तर आमचेही आहेत. फक्त आम्ही त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

परभणीकर | मंगळवार, दुपारी २.००

जगात जर्मनी, भारतात परभणी. पोर्शेच्या धाग्यावर हजेरी लावणं आमचं कर्तव्यच होतं. चालू द्या.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ८.५०

लातूरला इंजिनिअरिंग कॉलेजात मटेरियल सायन्स शिकवते. गाड्यांची हौस नाही, पण हा विषय वर्गात दरवर्षी निघतो म्हणून थोडं लिहिते.

आधी उष्णता किती ते बघू. चालकासकट गाडी १५०० किलोची धरा. सरळ रस्त्याच्या शेवटी २०० वरून ८० किमी वेगावर आणायची. हिशोब केला तर १.९ मेगाज्यूलच्या वर ऊर्जा निघते. एवढ्यात साधारण पावणेसहा लिटर पाणी २० अंशांवरून उकळी येईपर्यंत तापतं. आणि तुम्ही हे तीन-सव्वातीन सेकंदांत करता. म्हणजे २ किलोवॅटचे तीनशे गिझर एकदम चालू केल्यासारखं. तेही एका फेरीत तीन-चारदा आणि पंधरा-वीस मिनिटं सलग.

यातला सुमारे ६५ टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर पडतो असं धरा. एका डिस्कला सव्वासहा लाख ज्यूल. बिडाची रिंग १० किलोची धरली तर एका ब्रेकला तिचं तापमान सव्वाशे अंशांनी वाढेल. सिरॅमिकची ५.५ किलोची धरा. एक किलो सिरॅमिक एक किलो बिडापेक्षा जास्त उष्णता पोटात घेतं, तरी वजनच कमी असल्याने तिचं तापमान १४० अंशांच्या पुढं वाढतं. ठोकळ हिशोब आहे, ब्रेक दाबताना हवेत निघून जाणारी उष्णता धरलेली नाही. पण मुद्दा लक्षात येईल. सिरॅमिक डिस्क उष्णतेने खचत नाही हे खरं. ती कमी तापते असा जो समज आहे तो मात्र उलटा आहे. ती जास्त तापते, म्हणूनच तिला मोठी करावी लागते. ३८० च्या जागी ४१० दिसतं ते शोभेसाठी नाही.

दुसरं, "सिरॅमिक" म्हटल्यावर लोकांना कपबशी आठवते. तसं नाही. कार्बनचे तंतू आणि राळ साच्यात दाबून चकती करतात, ती हवेशिवाय भाजून कोळसा करतात आणि मग त्या सच्छिद्र कोळशात वितळलेलं सिलिकॉन मुरवतात. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं, भट्टी त्याच्याही बरीच वर असते. आत गेलेलं सिलिकॉन कार्बनला धरून सिलिकॉन कार्बाइड बनतं, म्हणजे पॉलिश पेपरवर असतं ते. काठिण्य कार्बाइडचं, चिवटपणा तंतूंचा. हे सगळं भट्टीत फार वेळ चालतं, किंमत तिथं चढते.

आणि ट्रॅकवरचं दुखणंही त्याच तंतूंचं आहे. पाचशे अंशांच्या पुढं मोकळ्या हवेत कार्बन हळूहळू जळतो. डिस्क जाडीने फारशी कमी झालेली दिसत नाही, पण आतून हलकी होत जाते. म्हणून तिची झीज व्हर्निअरने मोजून भागत नाही, तिचं वजन करावं लागतं. मधल्या बेलवर, म्हणजे डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागावर, किमान वजन ग्रॅममध्ये कोरलेलं असतं.

शेंद्राकर | मंगळवार, रात्री ९.२५

मॅडम, तीनशे गिझर वाचून पाणी प्यायलो. हे वजनाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, विकणाऱ्यानंही नाही.

सातारा_परिसर | मंगळवार, रात्री १०.१०

सगळं मान्य, पण मग फॉर्म्युला वनवाले कार्बन का वापरतात? ते काय खुळे आहेत?

मांजराकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

तो कार्बन वेगळा. फॉर्म्युला वनमध्ये कार्बन-कार्बन असतो, त्यात सिलिकॉन कार्बाइड नाही. कॉंकॉर्ड विमानालाही तसेच होते. तो गार असताना नीट पकडतच नाही, तापवून ठेवावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीला तो दिला तर कॉलनीतल्या पहिल्याच वळणावर घोटाळा. तुमच्या गाडीतलं सिरॅमिक गार असतानाही धरतं, म्हणून तर ते रस्त्यावर चालतं. दोघांची नावं सारखी असल्याने ही गल्लत सगळीकडे होते, माझ्या विद्यार्थ्यांचीही.

बिडाचा_तवा | मंगळवार, रात्री १०.४५

आणि दादा, रेसिंगचंच उदाहरण पाहिजे तर पोर्शेची स्वतःची २०२१ सालची ९११ जीटी३ कप बघा. शुद्ध रेसिंगची गाडी, आणि तिला डिस्क आमच्याच घराण्यातली. चोवीस तासांच्या शर्यतींत पळणाऱ्या जीटी३ गटातल्या गाड्या पण लोखंडावरच पळतात. त्यात नियमांचा अन् खर्चाचा भाग आहे हे मान्य. पण चोवीस तास टिकतं ना?

सातारा_परिसर | मंगळवार, रात्री ११.००

नियमांमुळं पळतात, हे तुम्हीच म्हणालात. नियम काढा, मग बघू कोण बीड लावतंय ते.

औट्रम_घाट | बुधवार, पहाटे ५.४०

आमचे ट्रक आहेत, धुळे लाईनला. कन्नडचा घाट उतरताना जळक्या लायनरचा वास ज्याला माहीत नाही त्यानं ब्रेकवर बोलू नये असं माझं मत.

पोरांनो, डिस्क डिस्क करत बसलाय, ब्रेक ऑइलचं कुणी बोललंच नाही. घाटात गाडी जाते ती डिस्क फुटून नाही जात. कारला पेडल खाली जातं, माणूस दाबत राहतो अन् पुढं काहीच नाही. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. झालं. (आमच्या ट्रकला हवेचे ब्रेक, ते दुखणं वेगळं. पण घरची कार मी एकदा अशी अनुभवलीय. हँडब्रेक अन् गिअरवर उतरवली. बायको त्यानंतर त्या रस्त्यानं माहेरी जायला तयार नाही.)

वाळूजचा_लेथ | बुधवार, सकाळी ७.१०

काकांनी नेमकं सांगितलं. शेंद्राकर, हे पाठ करा.

साधं डॉट ४ ऑइल, नवं कोरं, किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको. तेच हवेतलं पाणी पिऊन पिऊन ३.७ टक्के पाण्यावर आलं की हमी फक्त १५५ ची. डॉट ५.१ चे तेच आकडे २६० आणि १८०. रेसिंगचं ऑइल, उदाहरणार्थ मोतुलचं आरबीएफ ६००, नवं असताना ३१२ ला उकळतं. नुसतं "डॉट ५" मात्र घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, पूर्ण वेगळी जात.

आणि चेन्नई म्हणजे समुद्राची दमट हवा. आपल्याकडं मे महिन्यात ४३ अंश असतं म्हणून लोक घाबरतात, पण साडेपाचशेच्या डिस्कला बाहेर ३० काय अन् ४३ काय, फरक दोन-अडीच टक्क्यांचा. चेन्नईत बाटली उघडी ठेवली तर तिथल्या हवेतली ओल मात्र ऑइलला नडते. सीलबंद छोट्या बाटल्या न्या, अर्धी उरलेली बाटली पुढच्या वेळी वापरू नका. प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी ब्रेकच्या पाइपांतली एअर काढून घ्या.

पॅडचं पण तसंच. पॅड निम्मं झालं की ट्रॅकसाठी ते संपलं असं समजा, रस्त्यावर भले अजून सहा महिने चालेल. पॅड म्हणजे डिस्क आणि ऑइल यांच्यामधली भिंत आहे. भिंत पातळ झाली की पलीकडं धग लागणारच.

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १२.३०

नांदेडहून. माझ्याकडं सिरॅमिकवाली गाडी दोन वर्षं होती (कोणती ते सांगत नाही, विकणाऱ्याला अन् घेणाऱ्याला दोघांना त्रास). माझा किस्सा ऐका अन् मग ठरवा.

टायर बदलायला गाडी एका शहरातल्या मोठ्या दुकानात दिली. पोरगं चांगलं होतं, कामसू होतं. फक्त चाक काढताना त्यानं ते सरळ बाहेर न ओढता जरा तिरकं ओढलं. रिम आतून डिस्कच्या कडेला टेकली. आवाज असा आला की, चिनी मातीच्या बशीवर चमचा पडला तर येतो ना, तसा. कडेचा टवका उडाला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. पोरगं म्हणालं "काही नाही साहेब, बारीकच आहे". नवीन डिस्कचा भाव काढला तेव्हा कळलं की तेवढ्यात माझ्या भावाचा नवा ट्रॅक्टर आला असता.

त्यानंतर चाक काढताना बोल्टच्या जागी लावायच्या दोन लांब मार्गदर्शक पिना मी स्वतः डिकीत ठेवायला लागलो. चाक त्या पिनांवर सरळ बाहेर सरकतं, तिरकं होतच नाही. हैदराबादची गाडी घेणार असाल तर पहिली खरेदी ही. आणि चाक धुवायला कुणाला ॲसिडवालं क्लीनर मारू देऊ नका.

शेंद्राकर | बुधवार, दुपारी १.०५

म्हणजे ट्रॅकवरच्या खडीच्या पट्ट्यात गाडी गेली तर...?

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १.१५

तर गाडी बाहेर काढून, चाकं काढून, बॅटरी घेऊन डिस्कच्या कडा बघत बसायचं. दुसरं काय. बिडाची डिस्क असती तर खडे झटकून पुढची फेरी मारली असती.

परभणीकर | बुधवार, दुपारी ४.००

विषयांतर. २०१० साली आपल्या गावात एका दिवशी दीडशे मर्सिडीज आल्या होत्या. त्यातल्या किती अजून पळतायत हो? आमच्या एका पाहुण्यांनी मागची सीट काढून त्यात कोंबड्यांचं खाद्य नेलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

सळईवाला_जालना | बुधवार, दुपारी ४.२०

आपलं गाव? परभणीवाले कधीपासून संभाजीनगरकर झाले?

धागा_राखण | बुधवार, सायंकाळी ६.००

मर्सिडीज आणि कोंबड्यांसाठी वेगळा धागा काढावा. आणखी एक, आधीच्या दोन प्रतिसादांत समृद्धीवर "ब्रेक टेस्ट" करण्याचा सल्ला होता, ते उडवले आहेत. तो रस्ता आहे, ट्रॅक नाही.

सातारा_परिसर | बुधवार, रात्री ९.४५

लेथवाल्या दादांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ट्रॅकवर किती वेळा गेलात म्हणून. उत्तर द्यायचं टाळत होतो. चार वर्षांत दोनदा. आणि दुसऱ्यांदा मी तिसऱ्या फेरीनंतरच गाडी आत घेतली होती, कारण डोक्यात सारखं डिस्कचं मीटर चालू होतं. प्रत्येक वळणाला ब्रेक दाबताना "हे किती रुपयांचं झालं" असं. मजा अशी येत नाही, हे खरं.

पण रस्त्यावरच्या गाडीसाठी माझं मत बदलत नाही. त्यासाठी ते भारीच आहेत.

वाळूजचा_लेथ | बुधवार, रात्री १०.००

दादा, प्रामाणिकपणाला सलाम. रस्त्यासाठी माझीही ना नाही. रस्त्यावर ती डिस्क पाचशे अंश कशाला बघेल? गाडी विकेपर्यंत टिकेल.

मांजराकाठ | बुधवार, रात्री १०.२०

एक गोष्ट राहिली. थांबायचं अंतर सिरॅमिकने कमी होतं असं विकणारे सांगतात. दोन्ही ब्रेक एबीएस लागेपर्यंत चाक धरू शकतात. तिथून पुढं अंतर टायर ठरवतो. फरक पडतो तो पहिल्या फेरीत नाही, बाराव्या फेरीत, आणि तोही पॅड आणि ऑइल बरोबर असेल तर बिडातही फारसा पडत नाही. शेंद्राकर, पहिल्या दिवशीच तुम्ही टायरचं नाव काढलं होतं, ते बरोबर होतं.

बिडाचा_तवा | गुरुवार, सकाळी ८.१५

बिडाची बाजू घेतोय म्हणून तिची दुखणीही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल.

भोकं पाडलेली डिस्क दिसायला झकास, पण ट्रॅकवर तडे भोकाच्या काठावरूनच सुरू होतात. नुसते चर (खाचा) असलेली घ्या. केसासारख्या बारीक रेषा पृष्ठभागावर येणारच, त्याला घाबरू नका. नख अडकायला लागलं किंवा रेष बाहेरच्या कडेपर्यंत पोचली की मात्र डिस्क भंगारात. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं की काय होतं ते आईला विचारा.

आणि "डिस्क वाकली" म्हणून लोक जे घेऊन येतात त्यातली बरीचशी वाकलेली नसतेच. गरम पॅड दाबून धरून गाडी उभी केली की पॅडचा थर एका जागी चिकटतो. तिथं पुढं जास्त तापतं आणि बिडाचं रूप बदलून सिमेंटाइटचा कडक डाग तयार होतो. मग स्टिअरिंग थरथरतं. लेथवर वरचा थर काढला तरी डाग खोल असेल तर महिन्याभरात थरथर परत. म्हणून शेवटची फेरी ब्रेकला हात न लावता, सॉरी पाय न लावता, गार करत यायची. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, चाकाला लाकडी गुटका लावायचा.

वाळूजचा_लेथ | गुरुवार, सकाळी ८.४०

आणि थरथर असेल तर लेथकडं यायच्या आधी हबचा (डिस्क ज्यावर बसते त्याचा) फेस घासून साफ करा. तिथं गंजाचा एक पापुद्रा असला तरी डिस्क तिरकी बसते. डायल गेज लावून बघा, ०.०५ मिमीच्या वर रनआउट (फिरताना डिस्कचं डुलणं) दिसला तर डिस्क हबवर फिरवून दुसऱ्या भोकात बसवून बघा. निम्म्या डिस्क माझ्याकडून काही न करता परत गेल्यात. धंद्याचं नुकसान, पण काय करता.

औट्रम_घाट | गुरुवार, सकाळी ९.००

आमच्याकडं गुटका नाही, दगड.

शेंद्राकर | रविवार, रात्री ९.३०

मंडळी, हैदराबादला जाऊन आलो. सविस्तर लिहितो, सगळ्यांचा उपयोग झालाय.

शॉपमधला पार्सलचा काटा घेऊन गेलो होतो, ग्रॅम दाखवणारा. मालक आधी हसला. मग चाकं काढायला तयार झाला, कारण त्यालाही उत्सुकता लागली. पिना नव्हत्या, म्हणून मी आणि त्याचा ड्रायव्हर दोघांनी चाक दोन्ही बाजूंनी धरून, श्वास रोखून, सरळ बाहेर घेतलं. गोदाकाठ, तुमचा चमचा-बशीचा आवाज सारखा कानात होता.

चारही डिस्क काढून पुसून काट्यावर ठेवल्या. पुढच्या दोन्ही कोरलेल्या किमान वजनाच्या बऱ्याच वर. गाडी ट्रॅकवर गेलेली नाही हे मालक म्हणत होता, ते खरं निघालं. मागची उजवी ठीक. मागच्या डावीच्या आतल्या कडेला बॅटरी धरली तर टवका, गव्हाच्या दाण्याएवढा. मालकाला माहीतच नव्हतं. त्याचा चेहरा पडला, माझाही पडला, पण माझा जरा मुद्दाम.

मग घासाघीस. तासभर इराणी चहा. सिरॅमिकच्या नावाखाली लावलेले जास्तीचे पैसे त्यानं जवळजवळ सगळे सोडले.

तर गाडी हैदराबादचीच घेतली. मुंबईची गाडी परत एकदा बघितली होती, तिचे ब्रेक मला पाहिजे तसे होते पण बाकी गाडीला कष्ट झालेले होते. ब्रेक बदलता येतात, आधीच्या मालकाचे हात बदलता येत नाहीत. आता त्याच मापाच्या, पुढे ४१० आणि मागे ३९० मिमी, बिडाच्या, चरवाल्या, ॲल्युमिनिअमच्या बेलवर बसवलेल्या डिस्क मागवल्यात. पिवळे कॅलिपर तेच राहतील, पॅड मात्र बिडासाठीचे वेगळे. सिरॅमिकचे पॅड बिडावर चालत नाहीत, हे लेथवाल्या दादांनी फोनवर तीन वेळा बजावलं. वजन वाढेल, सातारा परिसरवाल्यांची माफी मागतो.

सिरॅमिकच्या चारही डिस्क गोधडीत गुंडाळून खोक्यात घालून माळ्यावर ठेवल्यात. गाडी विकायच्या दिवशी परत चढवेन.

सातारा_परिसर | रविवार, रात्री ९.५०

माफी नाही, पार्टी. आणि एकदा चक्कर मारू द्या, बिडाच्या डिस्क चढल्या की.

मांजराकाठ | रविवार, रात्री १०.०५

टवका असलेल्या डिस्कचा जवळून फोटो पाठवाल का? वर्गात दाखवायला. नंबरप्लेट वगैरे काही नको.

शेंद्राकर | सोमवार, सकाळी ७.२०

मॅडम, फोटो काढायला आत्ता माळ्यावर चढलो. आईनं त्या खोक्यावर कैरीच्या लोणच्याच्या तीन बरण्या ठेवल्यात. म्हणते, "मजबूत खोकं दिसलं, म्हणून ठेवल्या. काय आहे रे त्यात?"

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ७.३०

बरण्या उतरवा आधी. सरळ उचला, तिरक्या नको.